हवा निघत नव्हती

आधीच सांगतो, पटलं तर वाचा, नाहीतर सोडून द्या. कुणाला पटवत बसायची माझ्यात आता ताकद नाही. बायकोला सांगितलं, ती म्हणाली बी.पी. तपासून घ्या. मित्राला सांगितलं, त्याने विचारलं किती झाली होती. अरे बाबा, मी चहाशिवाय काही घेत नाही.

पण हे घडलंय. माझ्या सख्ख्या बहिणीच्या बाबतीत घडलंय आणि मी तिथे हजर होतो.

आणि रात्र वगैरे काही नव्हती. लोकांना भूत म्हटलं की रात्र लागते, अमावास्या लागते. इथे भर दुपार होती. थंडीतला रविवार. गावाबाहेर रस्त्याला लागून एका मेकॅनिकची पत्र्याची शेड आहे, तिथे. समोरून ट्रक जात होते, शेजारच्या पंक्चरवाल्याचा रेडिओ चालू होता.

मी गाद्या-पडदे शिवतो. सोफ्याची कव्हरं, गाड्यांची सीट कव्हरं. इंजिनातलं मला ओ की ठो कळत नाही. त्यामुळे काय बघितलं ते सांगेन. का झालं ते मला विचारू नका.

माझ्या ताईकडे एक जुनी कॅम्पर व्हॅन आहे. चालतंफिरतं घरच म्हणा ना. आत पलंग, छोटासा ओटा, कपाटं, पडदे. छप्पर वर उचललं की आत उभं राहता येतं. इंजिन मागे, पलंगाखाली. गाडी दाजींची, म्हणजे ताईच्या नवऱ्याची. लग्नात दाजींनी नवरीपेक्षा गाडीच जास्त वेळा पुसली, असं आम्ही ताईला चिडवायचो.

त्या गाडीचं इंजिन हवेवर थंड व्हायचं. रेडिएटर नाही, पाणी नाही. एक पंखा बाहेरची हवा ओढायचा आणि इंजिनावर मारायचा. तीच हवा तापली की थोडी पाइपातून पुढे यायची. ड्रायव्हरच्या पायाशी जाळ्या होत्या, त्यातून ऊब यायची. दाजींना त्याचा कोण अभिमान! "पाणीच नाही, तर गळणार काय आणि उकळणार काय?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेत म्हणून दाखवीन.

पण चढ आला की गाडीची बोंब. थोडं चढायचं, थांबायचं. मागचं झाकण उघडून निवेपर्यंत कडेला बसायचं.

शेवटी शेवटी दाजींचंही तसंच झालं. फुप्फुसं गेली. चार पायऱ्या चढले की जिन्यातच बसायचे, श्वास गोळा करायचे, मग पुढच्या पायऱ्या.

ताईने त्यांचं सगळं केलं. पण खरं तिला झिजवलं ते ऐकण्याने. झोपेत दाजींचा श्वास मधेच अडकायचा. ताई खाडकन जागी व्हायची. स्वतःचा श्वास धरून वाट बघायची.

पुढचा आला... की ही आपला सोडायची.

रोज. वर्षानुवर्षं. आम्ही पाहुण्यासारखे जायचो, "काळजी घे गं" म्हणायचो आणि घरी येऊन ढाराढूर झोपायचो.

दाजींना घरात कोंडल्यासारखं व्हायचं. म्हणून दुपारचे ते अंगणात उभ्या गाडीत, पलंगावर पडायचे. ताई शेजारी खुर्ची टाकून.

अशाच एका दुपारी ताईचा डोळा लागला.

जागी झाली तेव्हा ऐकायला काही उरलं नव्हतं.

त्यानंतर तिला झोपच लागेना. "छोट्या, कान मिटत नाहीत रे," म्हणायची. पन्नाशी उलटली तरी मी तिला छोट्याच. उभ्या उभ्या पेंगायची आणि आडवी झाली की डोळे टक्क उघडे. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, हिला झोप मिळाली नाही तर ही अंथरूण धरेल.

तिची मुलगी, माझी भाची, घाटावर राहते. एका खोलीचं घर, पण अंगण ऐसपैस. ती म्हणाली, "आई, गाडीच घेऊन ये. अंगणात लाव. तुझी खोली तुझ्यापाशी आणि मी हाकेवर." ताईला ते पटलं. घरातल्या त्या खोलीत तिला राहवत नव्हतं आणि गाडी विकवत नव्हती.

प्रश्न एकच. घाट. त्या इंजिनाने घाट चढणं शक्यच नव्हतं.

म्हणून सायलेन्सरला गाठलं. सायलेन्सर म्हणजे मेकॅनिक, दाजींचा लहानपणापासूनचा दोस्त. तोंड सकाळी सुरू झालं की रात्री जेवायला बसेपर्यंत चालू, म्हणून त्याला सायलेन्सर. त्याने सांगितलं, जुनं इंजिन काढू, पाण्यावर थंड होणारं मोटारीचं इंजिन बसवू, पुढे रेडिएटर लावू. मग कुठलाही घाट चढव.

"तुझे दाजी असते तर पाना घेऊन माझ्या मागे धावले असते," म्हणाला आणि हसला.

तर तो रविवार.

जुनं इंजिन सकाळीच काढून शेडच्या कोपऱ्यात टायरवर ठेवलं होतं. गाडीच्या मागे नुसतं भगदाड. मी आत गादीची मापं घेत होतो. गार इतकं की कात्री हातात धरवत नव्हती. पुढच्या सीटच्या कव्हरचं माप राहिलं होतं, म्हणून तिथे जाऊन बसलो, आणि...

पायाला ऊब लागली.

खरं सांगतो, आधी बरं वाटलं. मी पाय जरा पुढेही सरकवला.

मग डोक्यात ट्यूब पेटली. इंजिन तर बाहेर टायरवर आहे!

खाली वाकलो. जाळीतून गरम हवा येत होती. तिला तापलेल्या ऑइलचा वास होता, तोच, जुना. आणि ती सलग येत नव्हती.

यायची... थांबायची.

यायची... थांबायची.

"ए सायलेन्सर, हीटर चालू राहिलाय बघ!"

"आधी तुझं डोकं चालू आहे का बघ!" असं ओरडत तो आला. जाळीपुढे हात धरला. हात उलटा करून परत धरला.

"पत्रा तापला असेल उन्हाने," म्हणाला.

आभाळ सकाळपासून भरलेलं होतं. उन्हाचा पत्ता नव्हता.

त्याने जाळ्यांच्या मापाच्या पत्र्याच्या पट्ट्या कापल्या आणि रिवेट मारून जाळ्या बंद करून टाकल्या. "नाहीतरी आता यांचं काम नाही. नवं इंजिन इथे हवा पाठवणारच नाही," म्हणाला. त्यानंतर दिवे लागेपर्यंत तो माणूस एक शब्द बोलला नाही. मला गरम हवेपेक्षा त्याचीच जास्त भीती वाटली.

ताईला आम्ही काही सांगितलं नाही. सांगून करणार काय?

काम रखडत रखडत चाललं. आज ही पट्टी बसत नाही, उद्या तो पाइप तोकडा पडतो. इंजिन मागे आणि रेडिएटर गाडीच्या नाकात, म्हणजे पाणी न्यायला गाडीखालून लांबच्या लांब पाइप टाकावे लागले. पलंगाखालून निघून पार पुढे. ताई येऊन रिकाम्या पिंपावर बसायची. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, हातातला चहा गार. विचारलं, "ताई, काय बघतेस?" की म्हणायची, "कुठे काय."

शेवटचं काम राहिलं, हवा काढायचं.

मला सायलेन्सरने सांगितलं ते असं. एवढ्या लांब पाइपात पाणी भरलं की मधे हवा अडकून बसते. हवा अडकली की पाणी फिरत नाही, आणि पाणी फिरलं नाही की इंजिन उकळतं. म्हणून गाडीचं नाक वर उचलायचं, रेडिएटरच्या वरचा छोटा स्क्रू सैल करायचा आणि इंजिन चालू ठेवायचं. फुसफुस करत हवा निघते. मग नुसतं पाणी आलं की स्क्रू आवळायचा. झालं.

"चहा होईपर्यंत निघेल," म्हणाला.

चहा झाला. दुसरा झाला. हवा येतच होती.

त्याने पाइप दाबून बघितले, जोड तपासले. मग मागे जाऊन इंजिनाच्या पाण्याची, वरून भरायची बाटली बघितली आणि डोकं खाजवायला लागला. हवा निघाली की तेवढं पाणी खाली उतरायला हवं. बाटलीतलं पाणी जिथल्या तिथे होतं. तसूभर हललं नव्हतं.

"मग ही एवढी हवा येते कुठून?" मी विचारलं.

"मला काय विचारतोस? तू गाद्या शिव."

इंजिन बंद केलं. पूर्ण निवू दिलं. आम्ही जेवलो, म्हणजे ताटावर बसलो. दुपारी त्याने इंजिनाला हात लावला. गार. मग स्क्रू परत सैल केला.

फुस्स...

थांबलं.

फुस्स...

"बंद इंजिन, थंड इंजिन," सायलेन्सर हळूच म्हणाला. "हवा ढकलतंय कोण?"

पिंपावरून ताई उठली. आमच्या मधून पुढे आली, वाकली आणि रेडिएटरला कान लावला.

फुस्स...

आणि मग काहीच नाही.

काहीच नाही...

मी ताईकडे बघितलं. तिची छाती हलत नव्हती. तिने श्वास धरला होता. शेजारच्याचा रेडिओ चालू होता तरी मला तिथे काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.

फुस्स...

ताईने श्वास सोडला.

"आला," ती म्हणाली.

सायलेन्सरने हातातला पाना खाली केला. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मित्रच ना शेवटी.

"वहिनी," तो म्हणाला, "हा स्क्रू असाच उघडा ठेवतो. संध्याकाळपर्यंत असेल नसेल ते निघून जाईल. जाऊ द्या त्याला. लई त्रास काढलाय त्याने. तुम्हीपण मोकळ्या व्हाल."

"हो ताई," मी म्हणालो. "झोप तरी लागेल तुला. बघ जरा आरशात स्वतःकडे."

ताई आमच्याकडे वळली. ती रडत नव्हती, घाबरलीही नव्हती. नुसती दमलेली होती. इतकं दमलेलं माणूस मी दुसरं बघितलेलं नाही.

"त्या दिवशी मी झोपले, तेव्हा गेले," ती म्हणाली. "आज जागी असून कसं जाऊ देऊ?"

"बंद कर तो स्क्रू."

"वहिनी, हवा आत राहिली तर घाटात इंजिन उकळेल. सगळं काम पाण्यात. मी जबाबदार नाही हां, सांगून ठेवतो."

"नको होऊस."

तो जागचा हलेना. तेव्हा ताईने त्याच्या हातातला पाना घेतला आणि स्वतः स्क्रू आवळला. दाजींना हत्यारं देण्यात तिचा जन्म गेला होता. तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

पुढच्या आठवड्यात निघालो. सकाळी, चांगल्या उजेडात. ताई गाडी चालवत होती. मी शेजारी, कारण तिला एकटीला सोडायचं कसं? सायलेन्सरने पाण्याचे कॅन भरून दिले. निरोप द्यायला तो शेडच्या बाहेर आलाच नाही.

सपाटीला गाडी लोण्यासारखी चालली. घाट लागला आणि इंजिन किती तापलं ते दाखवणाऱ्या नव्या मीटरमधला काटा वर सरकायला लागला.

"ताई, काटा."

"दिसतोय."

दोन-चार वळणं गेली. काटा लाल पट्ट्यात.

"ताई, थांबव गं!"

"कुठे थांबवू? एका बाजूला दरी, मागे ट्रक."

काटा टोकाला टेकला. आता वाफ येणार, आता मागे काहीतरी फुटणार, म्हणून मी दाराचं हँडल घट्ट धरून बसलो. आणि तेवढ्यात...

पायाला ऊब लागली.

खाली बघायचं नव्हतं. पण बघितलं. सायलेन्सरने मारलेली पट्टी जागेवर होती. एकेक रिवेट जागेवर होता. कागद सरकणार नाही इतकी घट्ट. आणि तिथूनच गरम हवा येत होती, तापलेल्या इस्त्रीजवळ पाय धरल्यासारखी. ऑइलचा तोच वास.

यायची... थांबायची. यायची... थांबायची.

मी काट्याकडे बघितलं. काटा खाली येत होता.

सगळा घाट असाच चढलो. चढ तीव्र झाला की ती हवा जोरात यायची, घाईघाईने यायची, मधेच धाप लागल्यासारखी अडकायची. मी ती धाप ओळखत होतो. जिन्यात ऐकली होती. मी पाय वर घेऊन सीटवर मांडी घालून बसलो. एवढा बाप्या माणूस, पण खाली पाय सोडायची हिंमत झाली नाही.

शेवटच्या खड्या वळणावर ताई म्हणाली, "जरा दमानं घ्या. घाई नाही कसली."

हे मला नव्हतं. मला ती जन्मात कधी 'घ्या' म्हणालेली नाही.

वर पोचलो. भाची धावत आली, गळ्यात पडली. ताईने अंगणात गाडी लावली, मागे गेली आणि मी शिवलेल्या नव्या गादीवर आडवी झाली. "पडते जरा," म्हणाली.

आणि झोपली.

जेवायला उठली नाही. संध्याकाळी उठली नाही. दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं वर आलं तेव्हा उठली. भाची आनंदाने रडत होती. मीही रडलो, खोटं कशाला सांगू? म्हटलं, जे काही आहे ते असू दे. माझ्या बहिणीला झोप लागली ना, बास.

मी घरी आलो. आपल्या कामाला लागलो. ही गोष्ट इथे संपली असती तर मी कुणाला सांगितलीही नसती.

काही महिन्यांनी भाचीचा फोन आला.

"मामा, आई झोपते छान. पण फारच झोपते रे. घरात ये म्हटलं तर येत नाही. जेवली की गाडीत. उठली की परत गाडीत. तू एकदा येऊन बघ."

मी सायलेन्सरकडे गेलो. चल म्हटलं, ती हवा तेवढी काढून ये. त्याने हात जोडले. एक छोटा पाना माझ्या हातात ठेवला. "तूच जा. डावीकडे फिरव," एवढंच म्हणाला.

गेलो. दुपारची वेळ. ताई गाडीत पलंगावर पडलेली होती, पण जागी होती. चेहरा भरला होता. डोळ्यांखालचं काळं गेलं होतं. मला बघून हसली.

"काय रे छोट्या, वाळलास. बायको जेवायला घालत नाही?"

मी खुर्ची ओढून दारापाशी बसलो. इकडचं तिकडचं झालं. मग धीर करून विचारलं.

"ताई, अजून ऐकत बसतेस का गं?"

"छे रे. मी मस्त झोपते," ती म्हणाली. जांभई दिली आणि कुशीवर वळली. "आता ते असतात जागे."

असं म्हणाली, जसं काही दूध आणलंय, वर झाकण ठेवलंय म्हणून सांगतेय. आणि पुढच्या क्षणी तिला झोप लागलीसुद्धा.

मी तसाच बसून राहिलो. बाहेर भाची कपडे वाळत घालत होती. आणि गादीखालून, जिथून ते पाइप जातात तिथून, आवाज येत होता.

फुस्स... फुस्स...

त्यात आता धाप नव्हती. ओढाताण नव्हती. एखाद्या निरोगी माणसाचा असावा तसा सावकाश, एका लयीत.

मग झोपेत ताईचा श्वास जरासा अडकला. तसा तर कुणाचाही अडकतो. माझाही अडकतो, बायको सांगते.

आणि खालचा आवाज... थांबला.

एकदम. पूर्ण.

मीही श्वास धरला. कुणीतरी कान देऊन ऐकतंय, हे मला कळत होतं. कसं कळत होतं ते विचारू नका.

ताईने श्वास घेतला.

फुस्स... खालून सुटला.

पाना माझ्या खिशात होता. उठून गाडीच्या पुढे जायचं, डावीकडे फिरवायचं, बस्स. मी पाना काढला. उठलोही. तेवढ्यात भाची दाराशी आली, ओठांवर बोट ठेवून.

"मामा, आवाज करू नकोस," ती कुजबुजली. "किती वर्षांनी झोपतेय रे ती."

मी पाना परत खिशात टाकला. संध्याकाळच्या बसने घरी आलो.

त्या दिवसापासून एकच गोष्ट डोक्यात घोळते. शिलाई मारताना घोळते, जेवताना घोळते. ताई दाजींचा श्वास का ऐकत बसायची, ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. ते जाणार होते.

मग दाजी ताईचा श्वास कशासाठी ऐकत बसलेत?

भाचीला हे विचारायचं धाडस मला झालेलं नाही. घाटावरून फोन आला की मी बायकोला उचलायला सांगतो आणि ती बोलायला लागेपर्यंत शिलाईचं मशीन बंद करून उभा राहतो.